रेकॉर्ड थांबत नाही, परीक्षक थांबवतात

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा येतात, एक सत्र उन्हाळ्यात आणि एक दिवाळीच्या सुमारास. केंद्र म्हणजे बहुधा एखादी शाळा, नाहीतर कुणाचा तरी गायनवर्ग. व्हरांड्यात बाकं टाकलेली असतात. प्रारंभिकची मुलं आयांना चिकटून, मध्यमेच्या मुली घोळक्यानं, आणि विशारदचा अर्ज भरलेले एखादे निवृत्त गृहस्थ सगळ्यांत जास्त धास्तावलेले. पूर्वी या बाकांवर वह्या दिसायच्या, आरोह-अवरोह पुटपुटणारे ओठ दिसायचे. आता इअरफोन दिसतात. आत कुणाचा तरी भूप चाललेला असतो आणि बाहेर नंबर लागायची वाट पाहणारीच्या कानात किशोरीताईंचा. तिनं आत येऊन षड्ज लावला, मुखडा घेतला, की दोन आवर्तनांत परीक्षकांना कळतं, ही कुठली रेकॉर्ड ऐकून आली आहे.

यात वाईट काही नाही, हे आधीच सांगून टाकते. रेकॉर्ड ऐकूच नका असं ही पुस्तिका म्हणत नाही, आणि रेकॉर्ड आहे तर गुरुजी कशाला असं तर मुळीच म्हणत नाही. परीक्षेच्या तयारीत ध्वनिमुद्रणं कुठली घ्यावीत, कशी ऐकावीत आणि कधी बंद करावीत, एवढाच तिचा विषय. वर्गात शिकवताना आणि परीक्षक म्हणून समोर बसल्यावर जे दिसत आलं, त्यातून ती झाली. सगळ्याच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. रेकॉर्ड एकदा लावली की पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत एकाच वाटेनं जाते. परीक्षक त्या वाटेनं नेत नाहीत. ते मध्येच थांबवतात, मागे नेतात, अंतऱ्यापासून घ्या म्हणतात, हातावर ताल देत दुगुन म्हणा म्हणतात. रेकॉर्डवर पाठ झालेलं गाणं या पहिल्या ‘थांबा’लाच कोसळतं.

परीक्षा आणि रेकॉर्ड या दोन्ही गोष्टी आपल्या संगीतात जवळपास एकाच वेळी आल्या, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते मे १९०१ मध्ये. वर्गात बसवून, ठरावीक अभ्यासक्रमानं, स्वरलिपीची पुस्तकं छापून गाणं शिकवायचं, ही गोष्ट तेव्हा अनेक उस्तादांना थट्टेची वाटत होती. त्यानंतर दीड वर्षानं, नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्याला आलेल्या ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गच्या भोंग्यात गौहरजाननं गाऊन शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना कुठली तबकडी कुणाची ते कळावं म्हणून हा पुकारा. शाळेनं राग वेळापत्रकात बसवला, तबकडीनं तो तीन-साडेतीन मिनिटांत बसवला. दोघांनाही त्या काळी नावं ठेवली गेली आणि दोघांनीही आपलं गाणं घराघरांत पोचवलं. पलुस्कर १९३१ साली गेले, त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. आज ज्या प्रमाणपत्रासाठी आपण धडपडतो ते तिथलं.

तेव्हा रेकॉर्ड ऐकून गाणं शिकणं म्हणजे आजच्या पिढीचा आळस, हे बोलणं काही खरं नाही. गदगचा अकरा वर्षांचा मुलगा १९३३ साली घर सोडून निघाला, त्यामागे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीच्या ठुमरीची तबकडी होती. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत आणि लोक थक्क होत. पण या दोन गोष्टी सांगताना आपण निम्म्यावरच थांबतो. भीमसेनजींना त्या तबकडीनं घराबाहेर काढलं. गळा तयार झाला तो पुढे कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या घरी. कुमारजी मुंबईला देवधर मास्तरांकडे आले आणि तिथे नक्कल मागे पडून गाण्याचा विचार सुरू झाला. ऐकण्यानं भूक लागली, पोट भरलं ते दुसरीकडे. आणि भास्करबुवा बखले किंवा अल्लादिया खाँसाहेब यांच्यासारख्यांचं तर मुद्रणच आपल्या हाती नाही. तरी त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यांतून आलीच.

आता परीक्षेच्या खोलीत जाऊ. बंदिश झाली, दोन-चार आलाप झाले, ताना झाल्या. परीक्षक म्हणतात, छान, आता मुखडा घेऊन फक्त समेवर या. मुलगी घुटमळते. तिची तान अमुक जागी सुरू होते आणि अमुक जागी संपते, कारण रेकॉर्डमध्ये ती तिथे सुरू होते आणि तिथे संपते. मुखडा कितव्या मात्रेपासून आहे हे तिला कुणी विचारलेलंच नसतं. आणखी एक गंमत वारंवार दिसते. रेकॉर्डमधला तबलजी समेच्या आधी एक छोटी जागा घेतो. तेच वाजवणं कान इतके लक्षात ठेवतात की मुलगी तेवढ्यावर मुखडा पकडायला शिकते. केंद्रावरचा तबलजी मात्र बिचारा सरळ ठेका वाजवतो, त्याला दिवसभरात पन्नास जणांना सांभाळायचं असतं. ती खूण आलीच नाही म्हणून मुलगी वाट पाहत राहते, आणि सम निघून जाते. बाहेर आल्यावर आई विचारते, घरी तर किती छान म्हणत होतीस!

म्हणून या पुस्तिकेतलं पहिलं काम रेकॉर्डचे तुकडे पाडण्याचं आहे. बंदिश ऐकायची ती हातावर टाळी-खाली देत, पुन्हा पुन्हा, गळा बंद ठेवून. मुखडा कुठून उठतो, सम कुठल्या अक्षरावर आहे, अंतरा कुठल्या मात्रेपासून आहे, हे वहीत मात्रांच्या रकान्यांत लिहून काढायचं. मग शेजारी भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ किंवा विनायकराव पटवर्धनांचं ‘रागविज्ञान’ उघडायचं. त्यात ती बंदिश असेल तर ती रेकॉर्डपेक्षा थोडी वेगळी दिसेल, कधी बरीच वेगळी दिसेल. घाबरायचं कारण नाही. कागदावर स्वर कुठल्या मात्रेवर आहे ते कळतं, पण त्या स्वरावर कुठून यायचं, मींड किती ओढायची, कण कुणाचा लावायचा, हे रेकॉर्डच सांगते. दोन्हींत जिथे फरक आहे तिथे गुरुजींना विचारून एक पाठ कायम करावा आणि तोच म्हणावा. दोन पाठांची सरमिसळ झाली की ती ऐकणाऱ्याला लगेच जाणवते.

शब्दांचंही तेच. ब्रज भाषेतल्या बंदिशी, गवयाच्या उच्चारांतून, त्यातून जुन्या तबकडीच्या खरखरीतून ऐकायच्या. मुलं जे ऐकू आलं ते लिहितात. ‘अनत’ म्हणजे दुसरीकडे, पण वहीत तो ‘अनंत’ होऊन बसतो आणि विरहिणीचा पिया परदेशाऐवजी परब्रह्मात जातो. बंदिशीचा अर्थ विचारला की मग तारांबळ उडते. छापील पाठ मिळत असेल तर आधी तो बघावा.

कुठली रेकॉर्ड घ्यावी, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. परीक्षेसाठी मोठ्या मैफलीची रेकॉर्ड शक्यतो घेऊ नये. अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी कुणी ऐकली नसेल तर ती आजच ऐकावी, आयुष्यभर ऐकावी. पण मध्यमेच्या परीक्षेसाठी तिची नक्कल करू नये. साधा हिशेब आहे. त्यांचा आवडता झुमरा चौदा मात्रांचा. मिनिटाला चौदा-पंधरा मात्रा अशा अतिविलंबित लयीत तो चालला तर एक आवर्तन जवळजवळ मिनिटभराचं होतं. विलंबित ख्याल ऐकायला परीक्षकांच्या हाती पाच-सात मिनिटं असली तर तुमच्या वाट्याला पाच-सहा समा येतात. त्यात स्थायी, अंतरा, आलापांची बढत आणि बोलतान कशी मावणार? एवढी संथ लय तोलून धरायला दम लागतो तो वेगळाच. विद्यार्थ्याचा एकताल किंवा तिलवाडा याच्या दुप्पट लयीत असला तरी तो विलंबितच असतो, आणि त्याला दुप्पट वेळा समेवर यायला मिळतं.

या कामाला खरी उपयोगी आहे ती जुनी तीन मिनिटांची तबकडी. ही सक्ती गवयांवर तंत्रानं लादली होती, त्यांना ती नकोच होती. पण त्या सक्तीतून जे जन्मलं ते परीक्षेच्या मापाचं आहे. वेळ मोजका, म्हणून पाल्हाळ नाही. राग पहिल्याच मुखड्यात उभा करायचा, बंदिश स्वच्छ म्हणायची, दोन-तीन नेमके आलाप, थोड्या ताना, अंतरा, पुन्हा स्थायी, संपलं. डी. व्ही. पलुस्करांच्या तबकड्या या बाबतीत आदर्श आहेत. विष्णु दिगंबरांचा हा मुलगा वयाच्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ साली गेला. आवाज मोकळा, शब्द स्पष्ट, ग्वाल्हेरच्या शिस्तीत प्रत्येक गोष्ट जागच्या जागी. नारायणराव व्यास, विनायकराव पटवर्धन यांच्या तबकड्यांचंही तसंच. आजच्या मुलांना हे आवाज जुनाट वाटतात, मागची खरखर नकोशी वाटते. आठवडाभर रेटून ऐकलं की खरखर ऐकू येईनाशी होते. तीन मिनिटांत काही सांगून होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी केसरबाई केरकरांची भैरवी आठवावी. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीचं संगीत म्हणून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यात गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंच्या वाट्याला साडेतीन मिनिटं आली. परीक्षक त्यापेक्षा थोडा जास्त वेळ देतात.

तबकड्यांचा एक तोटा आहे, तो पट्टीचा. नाव ‘७८ फेऱ्यांची’ असलं तरी सुरुवातीच्या काळात सगळं मुद्रण नेमक्या त्याच वेगानं झालं असं नाही. ७३-७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली की पट्टी अख्खी एका घरानं वर जाते. पांढरी एकमधलं गाणं काळी एकमध्ये ऐकू येतं आणि लयही तेवढीच चढते. नंतर कॅसेटवर, मग संगणकावर अशा पुनर्मुद्रणांत हे घोळ आणखी वाढतात. एकच तबकडी इंटरनेटवर दोन ठिकाणी दोन पट्ट्यांत सापडते. कित्येकदा ती पट्टी हार्मोनियमच्या दोन स्वरांच्या मध्येच कुठेतरी असते. अशा रेकॉर्डबरोबर आवाज मिसळून गायला जाऊ नये, आणि पट्टी बरोबर असली तरी जाऊ नये. काळी चारची मुलगी काळी एकच्या गवयाबरोबर म्हणायला लागली की खर्जात आवाज दबतो, मध्य सप्तकात कुठेतरी सोय बघून ती सप्तक बदलते, आणि हे तिच्या लक्षातही येत नाही. पट्टी बदलून देणारी ॲप आहेत, पण त्यांनी गवयाचा आवाजही बदलतो. ऐकायचं त्याच्या पट्टीत, गायचं आपल्या पट्टीत, मध्ये तानपुऱ्याची दोन मिनिटं सोडायची. त्या दोन मिनिटांत कानातला स्वर डोक्यात राहतो आणि गळ्यावरचा ताबा आपल्याकडे परत येतो.

वेग कमी करून ऐकण्याची सोय मात्र मोठी आहे. यूट्यूबवर पाऊण वेगात लावलं तर पट्टी तीच राहते आणि तानेतले दाणे वेगळे ऐकू येतात. सपाट तान, छूट तान, कूट तान यांतले फरक मी वर्गात तोंडानं सांगून दमले होते, ते असं ऐकवल्यावर मुलांना पटकन समजले. पण हाच उपाय आलापीवर करू नये. दरबारीच्या कोमल गंधारावरचं आंदोलन संथ असतं, आणि त्या संथपणाचंही माप आहे. ते निम्म्या वेगात ऐकून घोटलं तर गंधार लोंबकळायला लागतो. मींड आणि आंदोलन मूळ वेगातच ऐकावं.

आता थोडं रागांविषयी. अभ्यासक्रमाच्या पुस्तकातला राग आणि रेकॉर्डमधला राग दर वेळी एकच असेल असं नाही. जुन्या मुद्रणांतल्या बिहागात तीव्र मध्यम जेमतेम डोकावतो, आजच्या बिहागात तो ठळक असतो. आसावरी कुणी शुद्ध रिषभाची गातात, कुणी कोमल रिषभाची. घराण्याप्रमाणे बागेश्रीतला पंचम कमी-जास्त होतो. यातलं काहीच चूक नाही, पण प्रवेशिकेच्या मुलानं शास्त्राच्या पेपरात एक आसावरी लिहायची आणि तोंडी परीक्षेत दुसरी गायची, असं होऊ नये. पुस्तिकेत रागांची यादी आहे, तिच्यातल्या प्रत्येक रागाखाली मी म्हणूनच तो राग रेकॉर्डमध्ये कसा येतो याची एक ओळ दिली आहे.

रेकॉर्डचं सगळ्यांत मोठं देणं, माझ्या मते, बंदिश शिकण्यात नाहीच. ते राग ओळखण्यात आहे. परीक्षेत परीक्षक एक स्वरसमूह गातात आणि राग विचारतात. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. भूपात वजन गंधारावर आणि चाल पूर्वांगात. देशकारात धैवत पुढे येतो आणि सगळं वरच्या अंगानं चालतं. हे वाक्य पाठ करून दहा मुलं लिहितात आणि दहाच्या दहा गाताना देशकाराचा भूप करतात. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तर त्याहून अवघड त्रिकूट, तिघांचेही स्वर तेच, पंचम तिघांनाही वर्ज्य. एक गुरू एका बैठकीत हे तिन्ही उभे करून दाखवील, पण रोज दाखवणार नाही. रेकॉर्ड रोज दाखवते. घरात कुणाला तरी सांगावं, यांतली कुठलीही एक लाव आणि मधूनच लाव. अर्धा मिनिट ऐकायचं आणि नाव सांगायचं. मारव्यात षड्ज कसा टाळला जातो, पूरियात गंधार-निषाद कसे बसकण मारतात, सोहनी तार षड्जाकडे कशी सारखी धावते, हे चार-सहा दिवसांत कानाला कळायला लागतं. मग सांगता येत नसलं तरी चुकत नाही. परीक्षकांनाही आधी बरोबर नावच हवं असतं.

‘सहेला रे’चा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण भूप म्हटलं की अर्ध्या मुली तेच घेऊन येतात. ती रचना किशोरीताईंची स्वतःची, त्यांच्या गळ्यासाठी झालेली, आणि अतिशय देखणी. पण तिच्यातल्या ज्या जागांवर आपण भाळतो त्या बंदिशीच्या नाहीत, त्या गायिकेच्या आहेत. त्या काढून घेतल्यावर उरलेली बंदिश साधी म्हणता येते का, हे बघावं. येत असेल तर खुशाल गावी. येत नसेल तर पुस्तकातली एखादी साधी बंदिश घ्यावी. परीक्षेत साधेपणाचे गुण कापले जात नाहीत.

एवढा वेळ दुसऱ्यांच्या मुद्रणांविषयी झालं. पुस्तिकेचा मोठा भाग मात्र वेगळ्याच मुद्रणाविषयी आहे, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या. प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र आहे आणि बहुतेक जण त्यावर फक्त दुसऱ्यांचं ऐकतात. स्वतःचं का ऐकत नाहीत, याचं कारण सोपं आहे: आवडत नाही. बोलताना-गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो आतून भरदार वाटतो. मुद्रणात हाडांतला भाग नसतो, आवाज पातळ, परका वाटतो आणि मुलं खट्टू होतात. त्यांना मी सांगते, पहिले काही दिवस आवाज ऐकूच नकोस, फक्त लय ऐक. आपलंच गाणं लावून हातावर ठेका धर. बहुतेकांच्या बाबतीत एकच गोष्ट सापडते. स्थायी ठीक, आलाप ठीक, ताना सुरू झाल्या की गाडी उतारावर सुटते. ठेका ॲपवर लावलेला असेल तर तान मात्रांच्या पुढे पळते आणि मुखडा लवकर येऊन आदळतो. गाताना हे कळत नाही, कारण गाताना सगळं लक्ष स्वरांत असतं. ऐकताना लपत नाही.

लय हाताशी आली की मग षड्ज ऐकावा. दर वेळी षड्जावर परत येताना तो तानपुऱ्यात मिसळतो का, की दरवेळी जरासा उतरून बसतो? अंतऱ्यात तार षड्ज पुरा लागतो का, की वरून चाटून येतो? बागेश्रीच्या अवरोहात कोमल गंधार खाली घसरतो का? या तीन प्रश्नांवर महिनाभर काम झालं तरी पुष्कळ झालं. पहिलं मुद्रण पुसू नये, तारीख घालून ठेवावं. महिन्यानं लावल्यावर सुधारणा आपली आपल्यालाच ऐकू येते, आणि त्यासाठी कुणाच्या शाबासकीची वाट बघावी लागत नाही.

मोबाइलवर मुद्रण करताना एक खोड लक्षात ठेवावी. पुष्कळ फोन आणि कॉलिंगची ॲप सतत चालू असलेला एकसारखा आवाज गोंगाट समजून पुसून टाकतात, पंख्याचा पुसतात तसा तानपुऱ्याचाही. मग रेकॉर्डिंगमध्ये गळा उरतो आणि तानपुरा गायब होतो. सूर कशाशी ताडायचा? गोंगाट कमी करण्याची सोय असेल तर ती बंद करावी. फोन तबल्याशेजारी किंवा हार्मोनियमवर ठेवू नये, समोर चार-पाच फुटांवर स्टुलावर ठेवावा. हार्मोनियमवर ठेवला की भात्याची धडधड तेवढी स्पष्ट येते.

परदेशातल्या मराठी घरांत हा प्रश्न आणखी वेगळा आहे. न्यू जर्सीतली किंवा लंडनमधली मुलगी पुण्यातल्या बाईंकडे व्हिडिओ कॉलवर शिकते. आवाज पोचायला उशीर लागतो, म्हणून दोघींना एकत्र गाता येत नाही; बाई थांबतात, मग ती म्हणते. अशा शिक्षणात बाईंनी पाठवलेलं मुद्रण हाच मुख्य आधार. इथे शिक्षकांना एक विनंती आहे. विद्यार्थ्यासाठी मुद्रित करताना आपली तयारी दाखवू नये. बंदिश दोनदा सरळ म्हणावी, एकदा हातावर ताल देत आणि टाळी ऐकू येईल अशी. मुरक्या, हरकती, जागा दुसऱ्या फाइलमध्ये वेगळ्या ठेवाव्यात. प्रवेशिकेच्या मुलाला बाईंचं असं साधं दीड मिनिट कुठल्याही पंडितांच्या तासाभराच्या मुद्रणापेक्षा अधिक उपयोगी पडतं, आणि हे मी नम्रतेनं म्हणत नाही, निकाल बघून म्हणते.

‘थांबा’ची सवय मात्र रेकॉर्डनं होणार नाही, ती माणसानंच होते. घरातला कुणीही चालतो. गाणं कळत नसेल तर उलट बरं. धाकट्या भावाला सांगावं, वाटेल तेव्हा थांब म्हण. थांबलं की तिथून दोन मात्रांत सावरून मुखडा घ्यायचा आणि समेवर यायचं. कधी त्यानं अंतऱ्यापासून म्हण म्हणावं, कधी दुगुन मागावी. हे सगळं फोनवर मुद्रित करावं आणि नंतर ऐकताना कुठे अडखळलं ते बघावं. ॲपचा तबला कधी चुकत नाही आणि कधी सांभाळूनही घेत नाही. म्हणून परीक्षेआधी निदान दोन-तीनदा खऱ्या तबलजीबरोबर म्हणून पाहावं. त्याला पैसे द्यावे लागतात, ते द्यावेत.

पुस्तिकेतली यादी रागांप्रमाणे आहे, परीक्षांप्रमाणे नाही, कारण अभ्यासक्रम बदलतात. प्रत्येक रागाखाली शक्यतो तीन मुद्रणं दिली आहेत, त्यांतलं एक जुन्या तबकडीचं, आणि तिन्ही वेगवेगळ्या गायक-गायिकांची. एकच रेकॉर्ड ऐकली की नक्कल होते. तीन ऐकल्या की तिघांमध्ये काय सारखं आहे ते कानाला सापडतं, आणि ते सारखं असतं तो राग. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मात्र ही यादी मिटून ठेवावी आणि तानपुरा, ठेका, स्वतःचं मुद्रण एवढ्यावरच राहावं. व्हरांड्यात बसून शेवटच्या क्षणी ऐकलेली तान आत गेल्यावर आपल्या तानेत घुसते आणि दोन्ही बिघडतात.

आणि परीक्षकांनी विचारलं, ही बंदिश कुठून घेतली, तर सरळ नाव सांगावं. अमक्यांची रेकॉर्ड ऐकून बसवली, यात लपवण्यासारखं काही नाही. नाव सांगितलं की परीक्षकही खुलतात, कारण बहुधा त्यांनीही ती ऐकलेली असते. पुढचा प्रश्न मात्र ठरलेला असतो. बरं, मग आता तेच स्वर घेऊन तुमचा एक आलाप ऐकवा.